नाव सांगण्याची चळवळ



सभा-शिबिरांतून आम्ही समलिंगी व्यक्तींच्या हक्कांबद्दल बोलू लागलो की एक प्रश्न हमखास येतो. विचारणारा बहुधा जुना, निष्ठावान कार्यकर्ता असतो, त्यामुळे तो झटकून टाकता येत नाही. ‘हे श्रीमंतांचे, परदेशातले खूळ तुम्ही बाबासाहेबांच्या चळवळीत कशाला आणता?’ अशा वेळी आम्ही त्याला उलट विचारतो, १९३४ साली मुंबईच्या कोर्टात बाबासाहेब कोणाचे वकीलपत्र घेऊन उभे होते, ठाऊक आहे का?

रघुनाथ धोंडो कर्वे हे १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ नावाचे मासिक काढीत. संततिनियमन, गुप्तरोग, स्त्री-पुरुष संबंध हे त्याचे विषय. वाचक आपल्या अडचणी पत्राने कळवीत आणि कर्वे त्यांना आडपडदा न ठेवता उत्तरे देत. १९३१ साली त्यांना अश्लीलतेबद्दल एकदा दंड झालेला होता. १९३४ साली पुन्हा खटला भरला गेला तो या प्रश्नोत्तरांवरून, आणि त्यांत समलिंगी संबंधांविषयीचा मजकूरही होता. कर्व्यांच्या बाजूने उभे राहायला कोण येणार? समाजाने वाळीतच टाकलेला हा माणूस. त्याच्या बाजूने उभे राहिले डॉ. भीमराव आंबेडकर. गोलमेज परिषदा होऊन गेल्या होत्या, पुणे कराराला दोन वर्षेही झाली नव्हती, आणि डोक्यावर कामाचा डोंगर होता. तरी त्यांनी हे वकीलपत्र घेतले.

लैंगिक प्रश्नावर लिहिले एवढ्यानेच लेखन अश्लील ठरत नाही. कोणाला ते विकृतीचे वाटले तरी विकृतीवरचा उपाय ज्ञान हाच आहे, लपवाछपवी हा नव्हे. हॅवलॉक एलिस यांच्या संशोधनाचा आधार घेऊन त्यांनी असेही मांडले की ज्यांच्यात ही ओढ निसर्गतःच आहे त्यांनी काही गैर केले असे मानण्याचे कारण नाही. त्यांच्या युक्तिवादाचा आशय असा होता. खटला ते हरले. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. अजित दळवी यांनी लिहिलेल्या आणि अतुल पेठे यांनी बसवलेल्या ‘समाजस्वास्थ्य’ या नाटकामुळे अलीकडे ही हकीकत पुष्कळांना माहीत झाली, पण आमच्या वस्त्यांत अजून ती फारशी पोचलेली नाही.

यावरून बाबासाहेबांना समलिंगींचे पुढारी ठरवण्याचा आमचा विचार नाही. महापुरुषाच्या तोंडी आपले शब्द घालण्याची वाईट खोड सर्वच चळवळींना असते. वकिलाने अशिलाची बाजू मांडली, एवढेच कोणी म्हणेल तर म्हणो. पण कोणते वकीलपत्र घ्यायचे आणि कोणते नाकारायचे हे बाबासाहेब स्वतः ठरवीत, हेही विसरू नये. त्यांनी ज्याला ‘यात गैर काय?’ म्हटले, त्याला आपल्या विहारात नाक मुरडले जावे हे आम्हाला पटत नाही.

हे आम्ही लिहितो ते बाहेरून पाहून नव्हे. आम्ही स्वतः समलिंगी आहोत. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन कारकुनी करतो, आमच्या गावकऱ्यांच्या मुंबई मंडळाचे हिशेब ठेवतो, आणि वंदनेला पुढच्या रांगेत बसतो. हे एक वाक्य लिहायला आम्हाला वयाची तीस वर्षे लागली. या एका वाक्याच्या मागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे, म्हणून हा लेखप्रपंच.

इंग्रजीत याला ‘कमिंग आउट’ म्हणतात. मराठीत त्याला रुळलेला शब्द नाही. आमच्या ओळखीची मंडळी आपापसांत ‘नाव सांगणे’ असे म्हणतात. हा शब्द आपल्या समाजाला समजावून सांगावा लागत नाही. शहरात खोली भाड्याने घेताना आडनाव विचारले की पोटात पडणारा खड्डा, गावच्या नावाला ‘कर’ लावून घेतलेली नवी आडनावे, पाहुणे यायच्या वेळी आतल्या खोलीत नेऊन ठेवलेला बाबासाहेबांचा फोटो हे सारे ज्यांनी पाहिले, त्यांना नाव लपवणे म्हणजे काय आणि सांगणे म्हणजे काय हे शिकवायला कोणी नको.

खुद्द बाबासाहेबांची बडोद्याची हकीकत आठवा. १९१७ साली परदेशातून शिकून ते बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला गेले. राहायला जागा मिळेना. तेव्हा पारशी धर्मशाळेत पारशी नाव नोंदवून त्यांना वरच्या मजल्यावर राहावे लागले. एवढा विद्वान माणूस, पण परक्या नावाने दिवस काढत होता. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेले पारशी जिना चढून आले. खोली सोडावी लागली, एका हिंदू आणि एका ख्रिस्ती स्नेह्याने आसरा द्यायचे टाळले, आणि मुंबईची गाडी येईपर्यंत बाबासाहेब कामाठी बागेत बसून राहिले. त्यांच्या आठवणींच्या टिपणांत हे सारे आहे. ज्या दिवशी आम्ही ते प्रथम वाचले त्या दिवशी जात आणि आमची ही दुसरी गोष्ट, या दोन्हींच्या जागी एकच जिना दिसला. खालून कोणीतरी चढून येईल या धास्तीने आम्हीही वर्षानुवर्षे वरच्या मजल्यावर राहत होतो.

आईला आम्ही २००९ च्या जुलैत सांगितले. दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलैला निकाल दिला होता आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्तमानपत्रांत तीच मोठी बातमी होती. मावशीने तेव्हा आमचा फोटो आणि माहिती एका वधू-वर सूचक मंडळाकडे पाठवूनही दिली होती. मुलगी पाहायला जायचा दिवस ठरत आला होता. आई साक्षरता वर्गात वाचायला शिकलेली, बोट फिरवीत मथळे वाचायची. तिला आम्ही बातमी वाचून दाखवली आणि म्हटले, या बातमीतले लोक आपल्या घरातही आहेत.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारले, “दादरच्या त्या घरी मी तेरा वरसं पोळ्या लाटल्या. त्यास्नी जात काय सांगितली व्हती, ठावं हाय तुला?”

आम्हाला ठाऊक नव्हते. १९८२ च्या संपात वडिलांची गिरणीतली नोकरी गेली आणि पुढच्या वर्षापासून आई स्वयंपाकाची कामे करू लागली, इतकेच आम्हाला माहीत. त्या घरात तिने शेजारणीचे आडनाव सांगितले होते. मराठा म्हणून ती तिथे तेरा वर्षे राबली. चौदा एप्रिलला गावची जत्रा म्हणून रजा घ्यायची, सहा डिसेंबरला अंग दुखते म्हणायची. एकदा घरच्या बाई सहज बोलून गेल्या की ‘त्या लोकां’च्या हातचे आपल्याला नाही बाई खाववत. “आन् मी बी हासले त्यांच्यासंगं,” आई म्हणाली. “त्या हासण्याची मला अजून लाज वाटती. तू तसं हासू नगंस.”

पुण्यात २०१७ साली एका शास्त्रज्ञ बाईंनी स्वयंपाक करणाऱ्या बाईविरुद्ध जात लपवल्याची पोलिसांत तक्रार केली, तेव्हा महाराष्ट्रभर चर्चा झाली. आई ती बातमी बघून एवढेच म्हणाली, “मला धरलं न्हाई म्हनायचं.”

आईने लगेच सगळे मान्य केले असे मात्र कोणी समजू नये. पुढचे आठ-नऊ महिने घरात हा विषय निघाला नाही. मधल्या काळात ती आम्हाला न सांगता पालिकेच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना भेटून आली. यावर औषध आहे का, हा तिचा प्रश्न. त्या भल्या बाईंनी तिला बसवून सांगितले की हा आजारच नाही, तर औषध कशाचे? अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ साली समलैंगिकतेला आजारांच्या यादीतून काढले आणि जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली. आईला सनावळी नको होती. ‘डॉक्टर म्हणाली आजार न्हाई’ हे तिने मावशीला सांगितले, मावशीने मामाला, आणि वधू-वर मंडळातून आमचा फोटो परत आला.

आता परदेशी खुळाचा मुद्दा. परदेशी काही असेल तर तो कायदा. भारतीय दंड संहितेतले ३७७ वे कलम इंग्रजांनी १८६० साली आणले. त्यानंतर १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आला. आपल्या विमुक्त बांधवांच्या कपाळी जन्मतः चोर असा शिक्का मारणारा तो हाच कायदा. पण त्याच कायद्याचा दुसरा भाग हिजड्यांसाठी होता, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. त्यांची नावे पोलिसांच्या नोंदवहीत घालायची, स्त्रीवेष करून रस्त्यावर दिसले तर अटक करायची. पारधी आणि तृतीयपंथी एकाच कायद्याच्या दोन भागांत बांधले गेले होते. विमुक्तांचा प्रश्न आपला, मग त्याच कायद्यातले दुसरे पान परक्याचे कसे?

श्रीमंतांचे म्हणावे तर भोपाळच्या लीला आणि ऊर्मिला या कोण होत्या? मध्य प्रदेशच्या सशस्त्र पोलीस दलात त्या साध्या शिपाई होत्या. १९८७ साली त्यांनी एकमेकींशी लग्न केले आणि पुढच्या वर्षी दोघींना नोकरीतून काढले. त्यांच्यामागे कोणतीही संघटना नव्हती. मुंबईत अशोक राव कवी यांनी १९८६ मध्ये एका इंग्रजी मासिकातून स्वतःबद्दल उघड सांगितले आणि १९९० मध्ये ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक सुरू केले. दिल्लीत ‘एड्स भेदभाव विरोधी आंदोलन’ या गटाने १९९१ मध्ये समलिंगींच्या स्थितीवर एक अहवाल काढला. त्या गटाच्या संस्थापकांतील एका तरुण वकिलाचे नाव सिद्धार्थ गौतम होते. विशीतच, १९९२ साली तो गेला. त्याच वर्षी दिल्लीच्या कनॉट प्लेसच्या बागेतून पोलिसांनी अठराजणांना समलिंगी असल्याच्या संशयावरून उचलले. तेव्हा ११ ऑगस्टला या गटाने पोलीस मुख्यालयासमोर निदर्शने केली. या प्रश्नावर भारतात रस्त्यावर उतरण्याची ती पहिली वेळ मानतात.

आणि परदेशातले सगळेच टाकायचे तर दलित पँथर हे नाव कुठून आले? १९७२ साली नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले आदी तरुणांनी पँथर उभी केली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचे नाव घेऊन. त्या ब्लॅक पँथरचे नेते ह्युई न्यूटन यांनी १९७० च्या ऑगस्टमध्ये आपल्या कार्यकर्त्यांना जाहीरपणे सांगितले होते की समलिंगींची चळवळ आणि स्त्रियांची चळवळ यांना सोबती माना, त्यांच्याविषयी असलेली भीती आणि तिरस्कार मनातून काढून टाका. न्यूयॉर्कच्या स्टोनवॉल दारूगुत्त्यावर पोलिसांनी धाड घातली आणि तिथले लोक उलटून उभे राहिले, त्या २८ जून १९६९ च्या घटनेला तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. नाव घेतले तर निरोपही घ्यावा, असे आमचे म्हणणे.

स्टोनवॉलनंतर जगभर मोर्चे निघू लागले, पण एक गोष्ट आपल्या लोकांनी नीट ध्यानात ठेवावी. त्या चळवळीच्या पहिल्या फळीत सिल्व्हिया रिव्हेरा आणि मार्शा जॉन्सन होत्या. एक लॅटिन, एक काळी, दोघी फुटपाथवर राहिलेल्या. त्यांनी बेघर पोरांसाठी घर चालवले. पण १९७३ च्या न्यूयॉर्कच्या सभेत तुरुंगातल्या आपल्या बहिणींविषयी रिव्हेरा बोलू लागल्या तेव्हा त्यांच्याच चळवळीतल्या प्रतिष्ठितांनी त्यांची हुर्यो उडवली.

आमच्याकडे हेच जातीच्या रूपाने होते. २००४-०५ च्या सुमारास आम्ही मुंबईतल्या एका गटाच्या बैठकांना जाऊ लागलो. आयुष्यात प्रथमच चार माणसांत मोकळे बसता आले, त्याचे मोल आम्ही कमी करणार नाही. पण तिसऱ्या-चौथ्या बैठकीला कोणीतरी पूर्ण नाव विचारले, मग कॉलेज विचारले, मग ‘कोट्यातून का?’ विचारले. त्यानंतर आमच्या शेजारची खुर्ची रिकामी राहू लागली. मंडळात आम्ही एक गोष्ट लपवीत होतो, आणि जिथे ती सांगायला गेलो तिथे दुसरी लपवावी लागते की काय अशी पाळी आली. २०१५ साली मुंबईच्या एका इंग्रजी दैनिकात एका आईने आपल्या मुलासाठी वर पाहिजे अशी जाहिरात दिली. धाडसाची गोष्ट, आम्ही त्या माउलीला सलाम करतो. पण जाहिरातीत जातीची अट नाही असे म्हणून पुढे कंसात आपल्या जातीचा असल्यास बरे, अशा अर्थाचे होतेच. ते गमतीने लिहिले होते, असा खुलासा नंतर झाला. अशा गमतीवर आपल्या घरांत कोणी हसत नाही. त्याच वर्षी दिल्लीच्या अभिमान मोर्चात काही दलित समलिंगी तरुणांनी मंचावर उभे राहून आपली जात मोठ्याने सांगितली. एकाच दमात दोन्ही नावे. तामिळनाडूच्या ग्रेस बानू या दलित तृतीयपंथी कार्यकर्त्या समांतर आरक्षणाची मागणी घेऊन लढत आल्या आहेत. आपल्या महाराष्ट्रात कवयित्री दिशा पिंकी शेख यांना वंचित बहुजन आघाडीने २०१९ साली प्रवक्तेपद दिले. इतर पक्षांना जे सुचले नाही ते आंबेडकरी पक्षाला सुचले, ही नोंद झालीच पाहिजे.

आईला वाचून दाखवलेल्या त्या दिल्लीच्या निकालाकडे पुन्हा येऊ, कारण त्यात आपल्या घरचे धन आहे. न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा हे मूळचे सोलापूरचे. त्यांनी आणि न्यायमूर्ती मुरलीधर यांनी तो निकाल दिला. सरकारपक्षाचे एक म्हणणे असे की लोकांच्या नीतिकल्पनांना हे मान्य नाही. त्यावर न्यायालयाने बाबासाहेबांच्या ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणाचा आधार घेतला. घटना समितीत मसुदा मांडताना बाबासाहेब म्हणाले होते की संविधानिक नैतिकता ही माणसात उपजत नसते, ती मशागत करून रुजवावी लागते, आपल्या लोकांना ती अजून शिकायची आहे. लोकांची नीती एक आणि संविधानाची नीती दुसरी. दोन्हींत तंटा झाला तर न्यायालय संविधानाच्या बाजूने उभे राहील, असे निकालाने सांगितले. चवदार तळ्यावर महाडच्या लोकांची नीती काय होती, हे आपण जाणतोच. त्या नीतीवर मते मागवली असती तर आजही पाणी मिळाले नसते.

२०१३ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी हा निकाल फिरवला. त्यांनी दिलेल्या कारणांत एक असे होते की अशा लोकांची संख्या अगदीच थोडी आहे. आम्ही हिशेबाचे माणूस, तरी हे गणित आम्हाला समजले नाही. अल्पसंख्याकाला हक्क डोकी मोजून द्यायचे असते तर बाबासाहेबांनी आयुष्यभर कशासाठी भांडण केले? ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ती चूक दुरुस्त केली आणि पुन्हा एकदा संविधानिक नैतिकतेचाच आधार घेतला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत तर ३७७ वे कलमच नाही.

कोर्टात जिंकले म्हणजे वस्तीत जिंकले असे नव्हे. २०१९ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या अभिमान मोर्चात आम्ही निळा झेंडा आणि बाबासाहेबांचा फोटो घेऊन चाललो. कोणीतरी छायाचित्र काढले आणि दोन दिवसांत ते मंडळातल्या प्रत्येकाच्या मोबाईलवर पोचले. रविवारी बैठक बोलावली गेली. खजिनदारपदाबद्दल कोणी काही बोलले नाही. हिशेब चोख असला की माणसे गप्प बसतात. मुद्दा निघाला तो अभ्यासिकेचा. दहावीच्या मुलांना आम्ही संध्याकाळी गणित आणि बुककीपिंग शिकवीत असू. एक वडीलधारे गृहस्थ, ज्यांना आम्ही लहानपणापासून तात्या म्हणतो, खाली मान घालून म्हणाले, “पोरांचा प्रश्न आहे. उगाच बोल नको.”

हा वार नवा नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात १९७८ साली समलिंगी शिक्षकांना सरकारी शाळांतून काढता यावे म्हणून प्रस्ताव आला आणि त्यावर लोकांचे मतदान ठरले. तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोचे नगरसेवक हार्वे मिल्क गावोगाव एकच गोष्ट सांगत फिरले: आपल्या आईबापांना सांगा, शेजाऱ्यांना सांगा, जिथे काम करता तिथे सांगा. ज्याला ते नाकारणार आहेत तो कोणी राक्षस नसून आपलाच भाचा, आपलाच दुकानदार आहे हे कळल्याशिवाय लोक मत बदलणार नाहीत. नोव्हेंबरात तो प्रस्ताव पडला. तीन आठवड्यांच्या आत मिल्क यांचा गोळ्या घालून खून झाला. घरातल्या स्वयंपाकघरात केलेली गोष्ट आणि मतपेटी यांचा संबंध असा असतो.

आमच्या बैठकीत मतपेटी नव्हती, पण एक आजी होत्या. नामांतराच्या लढ्यात तुरुंगात जाऊन आलेल्या. त्या उठल्या आणि त्यांनी तात्यांना विचारले की दोन वर्षांपूर्वी अभ्यासिकेतल्या मुलीची छेड ज्या माणसाने काढली तो कोण होता? बायकापोरांवालाच ना? तेव्हा बायकापोरांवाल्या पुरुषांना अभ्यासिकेत बंदी घाला असे कोणी म्हणाले होते का? खोलीत शांतता पसरली. मग त्याच म्हणाल्या, नियम करा, पण सगळ्यांना एकच करा. त्या रात्री असा ठराव झाला की अभ्यासिकेत कोणीही एकट्याने शिकवायचे नाही, दोन मोठी माणसे हजर हवीत, दार उघडे हवे. ठरावाच्या बाजूने तात्यांनीही हात वर केला. तरी तीन घरांनी मुले काढून घेतली. परीक्षेआधी दोन परत आली. तिसरे घर आजही आमच्याशी बोलत नाही, रस्त्यात दिसले तर आम्ही जय भीम घालतो.

पंचशीलातल्या तिसऱ्या शीलाचे काय, असे उपासक मंडळी विचारतात. प्रश्न रास्त आहे. कामवासनेतील दुराचारापासून दूर राहीन, असे आपण म्हणतो. आमच्या समजुतीप्रमाणे त्यातला दुराचार म्हणजे फसवणूक, जबरदस्ती, दुसऱ्याच्या विश्वासाचा घात. कोण कोणावर प्रेम करतो यावर ते शील गृहस्थाला अडवीत नाही. उलट आम्ही म्हणतो, समलिंगी मुलाला ‘लग्न झाले की सुधारेल’ म्हणून पांढऱ्या कपड्यांत उभे करायचे, त्रिशरण म्हणायला लावायचे, आणि एका निरपराध मुलीच्या गळ्यात त्याची माळ घालायची, हाच खरा दुराचार आहे. आमच्याकडे अशी एक भगिनी येते. लग्नाला सहा वर्षे झाली, नवरा चांगला, मारझोड नाही, पण घरात दोन परकी माणसे राहतात. तिच्या सासूला सगळे लग्नाआधीच ठाऊक होते. मुलींचीही तीच गत. रुग्णालयात परिचारिका असलेल्या एका मुलीला घरच्यांनी मैत्रिणीपासून तोडून गावी नेऊन ठेवले. ‘फायर’ चित्रपट १९९८ साली आला आणि मुंबईत थिएटरांची मोडतोड झाली, तेव्हा रस्त्यावर उतरलेल्या बायकांत अशा मुली होत्या. त्यांचे नाव त्या काळी कोणत्याही कौटुंबिक पानावर आले नसते.

१७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला आणि तो विषय संसदेचा ठरवला. आम्ही आणि आमचे सोबती २०१२ पासून एका घरात राहतो. ते एसटीच्या कार्यशाळेत काम करतात. घर शोधताना आम्ही आडनावही सांगितले आणि नातेही सांगितले. तीन मालकांनी नकार दिला. त्यातल्या दोघांचा नकार कोणत्या कारणाने, हे आम्हाला अजून कळलेले नाही. कायद्याने आम्ही एकमेकांचे कोणी नाही. पण २०२४ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने खुलासा केला की समलिंगी जोडीदारांना बँकेत संयुक्त खाते उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी म्हणून नेमायला कोणतीही आडकाठी नाही. रेशनकार्डावर एक कुटुंब धरण्याबद्दलही राज्यांना सूचना गेली. ही माहिती पुष्कळ बँकांच्या शाखांत पोचलेली नसते, म्हणून जाताना त्या खुलाशाची छापील प्रत सोबत ठेवावी. आमचा अर्ज एकदा परत आला तो सोबत्यांची सही पॅनकार्डाशी जुळत नव्हती म्हणून. दुसऱ्या खेपेला खाते उघडले. पतपेढीच्या अर्जावर ‘नाते’ या रकान्यात आम्ही ‘जोडीदार’ लिहिले आणि टेबलापलीकडच्या कारकुनाने, जो आमच्यासारखाच कोणी नोकरदार, शिक्का मारून पावती फाडून दिली.

ज्या घरांत हा प्रश्न उभा आहे त्यांच्यासाठी आमच्या विहारात दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी वंदनेनंतर आम्ही पाच-सहाजण बसतो. मुलगा किंवा मुलगी यायला तयार नसेल तर आईवडिलांनी एकटे यावे. नाव सांगितलेच पाहिजे असे नाही. आईचे वय झाले आहे, तरी तब्येत बरी असली की ती येते, आणि आलेल्या बायकांशी बहुतेक तीच बोलते.